दाई मरता कामा नये

...आणि मेली म्हणे! एका वाक्यात! ‘त्याच थंडीत म्हातारी दाई गेली.’ बस्स, पूर्णविराम! अहो, घरातलं मांजर गेलं तरी माणूस दोन वाक्यं बोलतो, चार दिवस वाटी तशीच ठेवतो, आणि इथे जिनं राणीला न्हाऊमाखू घातलं ती बाई गेली आणि पुढच्याच ओळीत घोडे निघाले की हो लढाईला! पण मला कोण विचारतंय!

थांबा, तुम्हाला असं मधूनच नाही कळायचं. पहिल्यापासून सांगते. आटपाट इमारत होती, तिला तीन मजले होते, वरच्या मजल्यावर एक लेखक राहत होता. लेखकाची बायको होती, ती सकाळी आठला डबा घेऊन जायची ती संध्याकाळी सातला यायची. आणि लेखकाची एक आई होती, तिला यायचं नव्हतं की जायचं नव्हतं. ती मी.

माझा लेक ऐतिहासिक कादंबऱ्या लिहितो. म्हणजे काय, तर तीनशे वर्षांपूर्वी मेलेली माणसं काय ल्यायची, काय खायची, कुणाचं कुणाशी वाकडं होतं, सगळं याला तोंडपाठ! आई दुपारची जेवली का... ते मात्र ठाऊक नाही. तीनशे वर्षांचा हिशेब लागतो, शेजारच्या खोलीचा लागत नाही! बरं, मी शाळेची पायरी चढलेली नाही, सही म्हणजे अंगठा, त्यामुळे त्याची पुस्तकं मी नुसती पुसते. धूळ बसते ना. पण मला कोण विचारतंय!

पण कान शाबूत आहेत हो! आणि याची लिहायची एक तऱ्हा आहे. लिहिलेलं मोठ्यानं वाचल्याशिवाय याला पुढचं सुचत नाही. दार आतून बंद, आणि आत हा एकटाच राजा होतो, एकटाच प्रधान होतो, राणी झाला की आवाज बारीक करतो. मग मी काय करते, माझी खुर्ची दाराला लावून बसते. तेवढीच घरात बोलण्याची सोबत.

तर एक दिवस आतून बारीक आवाज आला, ‘बाळंतपणाच्या तिसऱ्याच दिवशी राणीसाहेबांनी घोड्यावर मांड ठोकली!’ माझ्याच्यानं राहवेना. ओरडले बाहेरून, “मेल्या, तिसऱ्या दिवशी? तुझ्या वेळी तिसऱ्या दिवशी मला कूस बदलता येत नव्हती, नि ही घोड्यावर? तिच्याजवळ कुणी बाईमाणूस नव्हतं का?”

आतलं वाचन बंद. मला वाटलं, आता खेकसतोय. दार उघडलं. डोक्यावर चष्मा, हातात वही. “आई, कोण असेल गं तिच्याजवळ?”

तुम्हाला सांगते, विचारलं हो! किती वर्षांनी त्यानं मला काही विचारलं! एरवी ‘आई, किल्ली कुठाय’ तेवढंच. मी म्हटलं, “दाई असेल की. तिनं हाताला धरून निजवली असती, म्हणाली असती, राणी असशील लोकांची, गप पड.” त्यानं ते जसंच्या तसं लिहून घेतलं!

आणि मग रोज चार वाजले की दार उघडायला लागलं. “आई, दाई रागावली की काय करते?” “बोलत नाही, भांडी आपटते.” “आई, राणी मोहिमेवर गेली की दाई दिवस कसा काढते?” म्हटलं, “डाळ निवडते. निवडून झाली की काढलेले खडे परत डाळीत टाकते, नि पुन्हा निवडते.” लेक बघतच राहिला. “काय सुंदर आहे हे! तुला कुणी सांगितलं?” आता काय सांगू? म्हटलं, “ऐकलंय कुठेसं.” माझ्या मांडीवर तेव्हा डाळीचं ताट होतं. पण त्याचं लक्ष वहीत.

तर असं सुखात चाललं होतं, आणि कडमडला तो खालच्या मजल्यावरचा समीक्षक! समीक्षक म्हणजे स्वतः लिहीत नाही, दुसऱ्यानं लिहिलेल्याला नाक मुरडतो. पण त्याच्या एका परीक्षणानं लेकाची मागची कादंबरी अशी आडवी झाली होती की विचारू नका, म्हणून ही छापण्याआधीच लेकानं त्याला वाचायला दिली. त्याचा निरोप आला, “दाईला पुरावा नाही. कागदात नाही ते कादंबरीत नको. शिवाय कथानक अडवते. काढा तिला.” आणि लेकानं काढली! थंडीत! एका वाक्यात! आणि चार वाजता दार... बंद. दाईच नाही तर विचारायचं काय? पण मला कोण विचारतंय!

तीन दिवस थांबले. चौथ्या दिवशी उतरले दोन जिने, गुडघ्यांना शिव्या देत, आणि समीक्षकाची बेल दाबली. घर कसलं, पुस्तकांची अडगळ! बसायला खुर्ची एकच, तीही त्याच्याखाली.

“काकू, तुम्ही?”

“त्या दाईनं तुमचं काय वाकडं केलं?”

“काकू, भावनेचा प्रश्न नाही. इतिहासाला पुरावा लागतो.”

“पुरावा? अहो, मी दरसाल पेन्शनच्या कचेरीत जाते, कारकुनासमोर सगळीच्या सगळी उभी राहते, आणि तो म्हणतो, आजी, जिवंत असल्याचा कागद कुठाय? तुम्ही त्याच्यातलेच! म्हाताऱ्या बाईचा कागद कोण करतं? म्हणून ती नव्हतीच का?”

खुर्चीतून उठला नि म्हणाला, “पुरावा मिळाला, तर दाई जगेल. शब्द देतो.”

मला वाटलं, कटवलं. पण माणूस नाकाचा शेंडा तेवढा लाल, आतून खरा निघाला! दहाव्या दिवशी धापा टाकत वर. “काकू, सापडली!” हातात जुन्या पत्राची नक्कल. सुनेला सुट्टी होती, ती आली, लेक आला, आणि यानं उभ्याउभ्या वाचलं. राणीला जाऊन बारा वर्षं झाल्यावर कुणा वैद्यानं दरबारात तक्रार केलेली, ‘राणीसाहेबांची दाई, वय नव्वद, रोज बोलावणे पाठविते. नाडी पाहावी तो ठणठणीत. आजार काही नाही. नुसती बोलत बसते.’

कुणी हसलं नाही हो. तिघंही माझ्याकडेच बघायला लागली. म्हटलं, “माझ्याकडे काय बघता? मी कुठल्या वैद्याला बोलावलंय?”

तर दाई जगली! राणीच्या मागे बारा वर्षं, म्हणजे एका पुस्तकात मावेना, तीन खंड करा म्हणाला प्रकाशक! समीक्षकानं असं परीक्षण लिहिलं की सुनेनं ते मला दोनदा वाचून दाखवलं. पहिला खंड हातोहात खपला, बक्षीस मिळालं, घराला चांगले दिवस आले. तसे तुम्हालाही येवोत. आता गावोगावी लेकाची व्याख्यानं असतात. विषय काय, तर ‘इतिहासानं विसरलेली म्हातारी’! लोक रडतात म्हणे ऐकून. महिन्यातून चार दिवस घरी असतो. खोलीचं दार आता सताड उघडं असतं, आत कुणीच नसतं ना.

परवा कुठूनसा फोन आला. “आई, दुसरा खंड अडलाय. सगळे निघून गेल्यावर दाई दारात बसून काय करते गं?”

म्हटलं, “फोनची वाट बघते. लिही.”

“अगं आई, त्या काळी फोन नव्हते!”

म्हटलं, “मग सुखी होती रे बाई.”