तिसरा पत्ता

(कुडवा, रविवारची दुपार. सतरंजीवर तिघं बसलेले : घरमालक भूपेंद्र, धानाचा व्यापारी, नवेगाव बांधहून आलेली त्याची मोठी बहीण प्रेमिला, आणि त्यांच्या वडिलांचे जुने मित्र उदाराम. मधात चिंचोके. पत्ते उदाराम वाटताहेत.)

भूपेंद्र : थांबा काका. पत्ता उलटला. सगळे परत द्या, पुन्हा पिसू.

प्रेमिला : एकच तं उलटला. माझा. इस्पिकचा राजा. तेवढा बदलून द्या, झालं. सगळे कायले मागून राहिला?

भूपेंद्र : रूल आहे, ताई.

प्रेमिला : कोनता रूल? हे पोकर आमाले तूच शिकवलं ना? मागच्या खेपेले डोकं पिकवलं माझं. वाटताना एक पत्ता उलटला तं तो बाजूला, त्याच्या जागी दुसरा. दोन उलटले तं डाव मोडायचा. मी धान लावते म्हनून का मले आठवत नाही?

भूपेंद्र : आजचा तिसरा डाव आहे हा, ज्यात असं झालं. यार, दर वेळी पत्ता उडतो काकांच्या हातून.

उदाराम : उडते बापा. हात कापते.

भूपेंद्र : द्या इकडे, मी वाटतो.

प्रेमिला : अशी हिसकून घेतेत का गड्डी? काका वाटून राहिले होते ना?

भूपेंद्र : हिसकली नाही, घेतली.

प्रेमिला : वाटनाऱ्याच्या हातातल्या गड्डीले हात लावायचा नाही, हेबी तूच सांगितलं होतं. मी उठून चहा ठेवाले गेली तं म्हने, ताई, आपले पत्ते झाकून जा, दुसऱ्याच्या पत्त्याकडं पाहू नोको, डाव चालू असताना बोलू नोको. मले वाटलं शाळेत बसवलं.

भूपेंद्र : ताई, सीधी बात सांगतो. पुढच्या रविवारी राइस मिलचे नवे मॅनेजर येणार आहेत खेळायला. नागपूरला क्लबात खेळलेला माणूस आहे. त्यांच्यासमोर असे पत्ते उडायला लागले तर बरं दिसेल का? काका, तुम्ही पुढच्या रविवारी आराम करा.

उदाराम : आराम मी सोमवार ते शनिवार करतो.

प्रेमिला : ऐकलं का गा? चिंचोक्यावर खेळते आन् मॅनेजरपुढं इज्जत जाते याची.

भूपेंद्र : तुला धंद्यातलं समजत नाही.

प्रेमिला : नाही समजत. एवढं समजते, काकी गेल्यापासून हा मानूस याच एका घरी येऊन बसते. तेबी तुले जड झालं.

उदाराम : राहू दे प्रेमिला. वाट रे तू.

भूपेंद्र : वाटतो. पाहा, कसे वाटायचे ते. पत्ता वर उचलायचाच नाही, सतरंजीला घासून सरकवायचा. दोन-दोन पत्ते हातात, पाच मधात. हे झालं.

प्रेमिला : आन् दुसऱ्या हातात फोन. पत्ते वाटून राहिला का मेसेज लिहून राहिला?

भूपेंद्र : मॅनेजर साहेबांचाच आहे. बोला काका, चाल तुमची.

उदाराम : माझे पाच चिंचोके.

प्रेमिला : माझेबी पाच.

भूपेंद्र : माझे वीस.

उदाराम : वीस? चांगले पत्ते आले दिसते. बरं, मीबी वीस करतो.

प्रेमिला : मी सोडला डाव. उघड आता मधातले पत्ते.

भूपेंद्र : हो, उघडतो. एक मिनिट.

प्रेमिला : काय झालं?

भूपेंद्र : काही नाही.

प्रेमिला : मंग तोंड काऊन असं झालं? हातातले पत्ते खाली ठेव. उलटेच ठेव, पाहत नाही मी. एक, दोन... अन् हा तिसरा कोनाचा?

भूपेंद्र : चिकटून आला. नवीन गड्डी आहे, पत्ते चिकटतात.

प्रेमिला : चाल लावताना दिसला नाही?

भूपेंद्र : खालचा पाहिलाच नाही मी. देवाशप्पथ. आता काढून ठेवतो ना तिसरा. घरचा खेळ आहे, एवढं काय धरून बसायचं?

प्रेमिला : वा रे व्यापारी. काकाच्या हातून उडाला तं रूल, तुझ्या हाताले चिकटला तं घरचा खेळ. लाज वाटत नाही? मॅनेजर आला तं त्यालेबी असंच सांगजो, साहेब, माझा तिसरा पत्ता घरचा हाय.

भूपेंद्र : काका, तुम्ही सांगा. खेळू का पुढं?

उदाराम : मले विचारून राहिला?

भूपेंद्र : हो, तुम्हालाच.

उदाराम : चाल लावली नसती तं डाव मोडून पुन्हा वाटता आला असता. चाल लावली. आता तुझे पत्ते बाद.

भूपेंद्र : पण दोन एक्के आहेत माझ्याकडं, काका. पाहा.

उदाराम : पाहिले. बाद.

प्रेमिला : चिंचोके सरकव तिकडं. सारे. मुठीतला एकबी ठेवू नोको.

भूपेंद्र : घ्या. घ्या, काका. रागावलात का?

उदाराम : रागावलो नाही. मी सालेकशाले सव्वीस वर्षं रेल्वेचे सांधे बदलले. तिथं एक डाव चुकला असता तं दुसरा भेटला नसता. हे तं पत्ते हायेत. पन तुले एक सांगतो. तू सात वर्षांचा होता तवा तुझ्या बापासंगं आमी पत्ते खेळत होतो. मीबी वाटतो म्हनून रडाचा तू. एवढेसे हात, निम्मे पत्ते खाली सांडाचे. आमी चार मानसं सांडलेले पत्ते उचलून द्याचो, पुन्हा तुझ्याच हाती. कोनी तुझ्या हातची गड्डी घेतली नव्हती.

प्रेमिला : आता कायले खाली पाहून राहिला? बोल ना.

भूपेंद्र : चुकलं माझं, काका. पुढच्या रविवारी या तुम्ही. साहेब येवोत की न येवोत.

प्रेमिला : अन् वाटन कोन?

भूपेंद्र : काकांची पाळी आली की काकाच.

उदाराम : नाही बापा, वाटाचं आता मले जमत नाही, हे तू खरं बोलला. माझ्या पाळीले प्रेमिलाच्या हाती दे गड्डी. मी खेळतो. घरी सूनबाई चहाचा कपबी अर्धाच भरून देते, सांडते म्हनून.

प्रेमिला : इथं भरून घ्या. सांडला तं भूपेंद्र पुसन.