दयाळाची कच्ची तान

चौऱ्याऐंशी साली, नव्या वसाहतीत सासऱ्यांचं मन रमेना, म्हणून वेणूबाई त्यांना कायमचं गावी सोडायला निघाली होती. बेलापूरच्या थांब्यावर रांगेत पुढे दोघी बोलत होत्या.

“नूरी, तुजं अब्बा बोलतान का गो आता?”

“बोलतात, चांगुणाबाई. गाव सुटल्यापासून गप्प होते, ते परवा बोलले.”

“काय बोललं?”

“सकाळी पाइपावर दयाळ पक्षी शीळ घालत होता. अब्बा उठून खिडकीशी गेले. म्हणाले, याची शेवटची तान कच्ची हाय.”

“मंग?”

“मंग काय, रोज शीळ घालून त्याला शिकवतात. आज म्हणाले, पोरगा सुधारतोय.”

बस आली. वेणूबाई सासऱ्यांची पिशवी उचलून रांगेतून बाहेर पडली.

“आबा, आज नको जायला.”

“का गं?”

“आपल्या खिडकीशी सकाळी कोण गातं, मला ओळखता येत नाही. तुम्ही ऐकून सांगा.”