टँकर येणार होता

माझी बायको सुमन वारल्याचा निरोप दवाखान्यातून आला, त्या दुपारी मी बेंबळीच्या स्टँडवर उस्मानाबादच्या एसटीची वाट पाहत होतो. शेजारी एक बाई आणि तिचा शिकलेला धाकटा भाऊ बसले होते. दुसऱ्या दिवशी तिचा मॅट्रिकचा इंग्रजीचा पेपर होता, तिसऱ्यांदा.

“चांगुणाक्का, नीट ऐक. ते विहीर खणणार होते. दे वेअर गोइंग टु डिग.”

“मग खणली का?”

“ते हितं सांगत न्हाईत!”

“आरं, खणली का न्हाय ते कळल्याबिगर म्या काय लिहू?”

“तवा ते पुढं व्हायचं होतं, एवढंच लिही. झालं का न्हाय ते इचारू नगं.”

“लई आडमुठी भाषा हाय.”

“तूच आडमुठी! अवंदा नापास झालीस तर नर्सच्या ट्रेनिंगला कोण घेईल? वय संपतंय तुझं.”

“वरडू नगं. हे बघ. टँकर सकाळी येणार होता. द टँकर वॉज गोइंग टु कम.”

“बरोबर! आता कसं जमलं?”

“रिकामी घागर घेऊन चार तास हुबी व्हते न्हवं.”

एसटी आली. ती दोघं पुढं बसली.

सुमनला मी सोमवारी घरी आणणार होतो. तिचं लुगडं धुऊन दोरीवर घातलं होतं. ते अजून काढायचं राहिलं आहे.