चिंधी बांधलेलं वांगं

मी मूळची धुळे जिल्ह्यातली, तापीकाठची, गावाचं नाव घेऊन काय करता, आता तिथं आमचं कोणी राहिलं नाही. बाप सालदार, माय निंदायला जायची, आणि घरामागं दोन वाफ्यांएवढी जागा, तिच्यात माय दसऱ्याच्या आत मेथी टाकायची, लसूण टोचायची, कुडावर वाल चढवायची. लग्न होऊन पारोळ्याला आले. बोलणं आमचं बठ्ठं, म्हणजे सगळं, अहिराणी, पण मी बरीच वर्षं अंगणवाडीत मदतनीस होते, मॅडम लोकांत राहून जीभ वळली, म्हणून तुम्हाला माझं समजतं, आमच्या मालकांचं समजायचं नाही. ते ओट्यावर बसलेत ना, तेच. सारी गल्ली त्यांना नाना म्हणते, मग मीही नानाच म्हणायला लागले. आता त्या नावाला ओ देत नाहीत, पण म्हणते.

सासू माझी नशिराबादची. भरताच्या वांग्याचं बी तिनं माहेराहून आणलेलं, तिच्या मायनं तिला दिलेलं. हिरवं, गरगरीत, हातात घेतलं तर हात भरून जाईल असं वांगं. आता बी कसं धरायचं सांगते. झाडाला लागलेलं सगळ्यात देखणं वांगं खायचं नाही. त्याच्या देठाला चिंधी बांधायची, आणि ते तिथंच पिवळं होईस्तोवर लटकू द्यायचं, मग फोडून बी राखेत घोळून ठेवायचं. चिंधी दिसली की घरातलं काय, गल्लीतलं पोरगंसुद्धा हात लावत नसे. सासू म्हणायची, ज्याले चिंधी बांधेल शे त्याले हात लावानं नही. पण हे तिनं मला नंतर सांगितलं, आधी नाही. मी नवी नवरी, मला वाटलं दृष्ट लागू नये म्हणून बांधली असेल, मी ते वांगं तोडून आणलं, चांगलं भरीत करावं, सासू खूश होईल. काय सांगू तुम्हाला, सासू परसातून आली ती कोणाचा हात लागला म्हणून विचारत आली.  नाना नुकते कापसाच्या जिनिंगमधून आले होते, हातपाय धूत होते, त्यांनी तिकडूनच सांगितलं, मीच तोडं व माय, भूक लागनी व्हती. सासूनं त्यांना संध्याकाळभर शिव्या घातल्या आणि त्यांनी मुकाट ऐकल्या. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तसा माणूस.

जिनिंगमध्ये ते फिटर होते. पण हात सुताराचे. पाऊस गेला, नवरात्राचे घट उठले, की मी परसात आणि हे ओट्यावर. मी वाफे बांधायचे, हे काहीतरी ठोकत बसायचे. दर वर्षी दिवाळीच्या आत घरासाठी एक वस्तू करायचीच, विकतची आणायची नाही. मुकुंदाला, म्हणजे आमच्या मुलाला, एका वर्षी चाकाचा घोडा केला, एका वर्षी अभ्यासाला बुटकं टेबल, मला भरीत ठेचायची लाकडी बडगी. मी जुन्या लुगड्यांची गोधडी घालायचे, तर सुईत दोरा ओवून द्यायला तेच, माझी नजर तेव्हापासून अधू. तेव्हा ते दिवस सुखाचे आहेत असं काही वाटलं नाही हो. काम होतं ते करत होतो.

आता तीन वर्षं झाली असतील. दसऱ्याच्या सुमाराला मेथी अशी बोटभर वर आली होती, आणि मी दळण घेऊन येते तो नानांनी बठ्ठा वाफा उपटून ढीग लावलेला. मला म्हणाले, गवत किती झालं होतं बघ. मी हसले. खरंच हसले, वाटलं म्हातारपण. मग एक स्टूल केलं, त्याचे तीन पाय तीन मापाचे. ते हलवून हलवून बघायचे आणि रडायचे. मग जळगावला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार, उलटं फिरणार नाही, कामात ठेवा, जपा.

कामात ठेवा म्हणजे कसं? मी भाकरीकडं पाहू का त्यांच्याकडं? एकदा गॅस चालू करून निघून गेले, एकदा करवतीनं अंगठा कापून घेतला. मग माझ्या ध्यानात आलं, हे सगळं विसरले, मुलाचं नाव विसरले, पण परसात चिंधी बांधलेल्या वांग्याला हात लावत नाहीत. जवळ जातात, चिंधीला बोट लावतात आणि परत फिरतात. मग मी गॅसच्या बटनाला चिंधी बांधली. करवतीला बांधली, रस्त्याच्या दाराच्या कडीला बांधली, औषधांच्या डब्याला बांधली. आणि माणूस वागला की त्याप्रमाणं! मुकुंदा पुण्याहून आला तर म्हणे, आई, घराचं काय करून ठेवलंय. पण त्या चिंध्यांवर आमचं एक वर्ष निभलं. ते परसात पाणी घालायचे, मी स्वयंपाक करायचे.

गेल्या साली वांग्याची रोपं लावली, तीही त्यांनी उपटली, एकच झाड वाचलं. मागचं बी उंदरांनी खाल्लेलं, उरलं तेवढं मी पेरून टाकलेलं. त्या एका झाडाला एक वांगं धरलं, त्याला मी चिंधी बांधली. दिवाळी तोंडावर, मी घर सारवून, गोधड्या धुऊन थकून गेलेली. गॅसची चिंधी जळाली होती. दुसरी शोधायला कोण जाईल, म्हणून मी जाता जाता वांग्याची सोडून गॅसला बांधली. म्हटलं मागून दुसरी बांधते. आणि इसरी गऊ. मी विसरले हो, ते नाही, मी.

दुपारी धूर आला म्हणून परसात गेले तर नाना कपाशीच्या काड्या पेटवून ते वांगं भाजत बसलेले. नीट, उलटून पालटून. शेजारच्या दोघी-तिघी फराळाचं करायला आलेल्या, त्यांच्यादेखत मी त्यांच्या हातावर मारलं. उलथन्यानं. आणि मी म्हणाले, हात तोडी टाकसू तुना. जन्मात त्यांना अरे-तुरे केलं नव्हतं. ते हात तसाच धरून बसले आणि म्हणाले, तुनासाठे भाजं व, तू दमी गयी व्हती.

त्या दिवशी त्यांनी मला ओळखलं होतं. बघा तुम्ही. किती महिन्यांनी ओळखलं होतं.

झाड पुढं पंधरा दिवसांत वाळलं. बी गेलं. बी जाऊ द्या, गल्लीत आता कोणाला परसच नाही, सगळ्यांनी फरशी टाकली, मागायचं कोणाकडं. मुकुंदा म्हणतो आई मी बी मागवून देतो. मी म्हटलं नको. या साली मी काही लावलं नाही, मेथीसुद्धा नाही. लावून पाणी कोण घालणार? नानांनी त्या दिवसापासून कशाला हात लावलेला नाही. मी सगळ्या चिंध्या तोडल्या, चुलीत घातल्या, त्यांना दाखवून घातल्या. तरी ताट समोर ठेवलं की ताटाच्या खाली बघतात, कडेला बघतात, मला विचारतात, बाई, हाई लेऊ का? मी म्हणते घ्या नाना, तुमचंच आहे. तरी हात मांडीखाली. मग मी भरवते. भरवताना डोळे मिटून घेतात, मी मारीन म्हणून.

लोक म्हणतात किती करते नवऱ्याचं. मी काय सांगू त्यांना. त्यांनी माझी चूक आपल्या अंगावर घेतली होती, आणि मी माझी चूक त्यांच्या हातावर मारली. हे मी मुकुंदालाही बोलले नाही, तुम्ही लिहिता म्हणून बोलले. लिहा. तुमच्या घरात कोणी चुकलं तर चारचौघांत बोलू नका, देव तुमचं घर भरलेलं ठेवो.

निघालात? एक काम करता का, जाता जाता. हा पाण्याचा पेला तेवढा तुम्ही त्यांना द्या. परक्यानं दिला तर लगेच हात पुढं करतात, स्वतःच्या हातानं पितात. मी आत जाते, मी इथं दिसले तर घेणार नाहीत.