डिकीतलं वाळूचं पोतं

गॅरेजच्या बाकावर स्कूटरची वाट पाहत बसलेल्या म्हाताऱ्या शिंप्याचं पेपरात लक्ष लागेना. समोर जॅकवर चढवलेल्या जुन्या मोठ्या गाडीपाशी मिस्त्री, एक तरुण आणि त्याची आई बोलत होती.

"दादा, शॉक गेलेतच, पण मागच्या स्प्रिंगाही बसल्यात. डिकीत वाळूचं पोतं कशाला वागवता?"

"बाबांनी ठेवलेलं. ते गेल्यावर कुणी हात लावला नाही."

"तू पोटात होतास तेव्हाचं ते. रिकामी गाडी मागून उडायची, मला हादरे बसायचे. यांनी एका सकाळी पोतं टाकलं आणि म्हणाले, आता बस."

"मग मी झाल्यावर काढायचं ना, आई."

"मी म्हटलं की तसं. म्हणाले, तू काय गाडीत बसायची थांबलीस?"

"काकू, नवे शॉक मऊ असतात. पोत्याची गरज नाही आता."

"गाडीला नसेल."

"पण एवढं वजन राहिलं, तर नव्या स्प्रिंगाही बसतील."

"मग काढा," आई म्हणाली. "उगाच गाडीचं नुकसान नको."

शिंप्याने पेपर खाली ठेवला.

"थांबा मिस्त्री," तरुण म्हणाला. "जरा जड स्प्रिंगा मिळतील? पोत्यासकट चालतील अशा?"

"मिळतील. पण रिकामी चालवलीत तर मागून उडेल हं."

"रिकामी नाही चालवणार."