धुक्यातली टाकी

आमचं हवामानाचं काम म्हणजे खिडकीतून बाहेर बघायचं, असं हसता ना तुम्ही? मग ऐका.

धावपट्टीपल्याड दीड किलोमीटरवर पाण्याची टाकी हाय. धुक्यात ती दिसली, की दीड किलोमीटर दिसतंय असं वैमानिकाला कळवायचं. त्याहून कमी असलं तर विमान उतरत नाय.

त्या सकाळी ड्यूटीवर मी आन् भगवान. त्याचा बाप खाली अँब्युलन्समध्ये, ऑक्सिजनवर. मुंबईला न्यायला आलेलं विमान वर घिरट्या घालत होतं.

मी म्हटलं, "दिसती म्हण की टाकी."

"नाय दिसत."

"अरे, जागा तर पाठ हाय ना तुला!"

"मला पाठ हाय. विमानातल्यांना नाय."

त्यानं आठशे मीटर कळवलं. विमान परत गेलं.

दोन तासांनी धुकं उठलं, टाकी लख्ख दिसली. तेवढ्यात त्याचा भाऊ वर आला आन् दारातच रडायला लागला. भगवाननं आधी आकडा लिहिला, मग बापाकडं गेला.

तवापासून तो त्या खिडकीशी उभा राहत नाय. टाकी मी बघतो, आकडा तो लिहितो. पण लिहायच्या आधी दरवेळी मला विचारतो, "खरंच दिसती ना?"