दुधाचे दुसरे पातेले

मुलगी — म्हणून मी अहवाल थांबवला, बाबा.

वडील — निकाल आपल्या बाजूचा असताना? व्रण पाडणारे औषध सगळ्याच उंदरांना दिले, पण ज्यांना आधी आपला क्षीरपाक पाजला त्यांच्या जठरात व्रण नाममात्र, आणि ज्यांना नुसते पाणी दिले त्यांची जठरे सोलवटून निघालेली. परवा तूच हर्षाने सांगितलेस ना मला?

मुलगी — सांगितलं. मग अहवाल लिहायला बसले आणि चूक दिसली. एका गटाला पाणी, दुसऱ्याला दुधात उकळलेलं ज्येष्ठमध. मग जठर राखलं कोणी? ज्येष्ठमधानं, की दुधानं?

आई — दूध इतकी वर्षं मी तापवत आले. निम्मं श्रेय माझं म्हणायचं.

वडील — तू थट्टा करू नकोस. मुली, हा औषधाचा पाठ मला माझ्या गुरूंनी दिला. मूळ ठेचावे, दूध आणि पाणी घालावे, पाणी आटून दूध तेवढे उरेपर्यंत मंद आचेवर ठेवावे. आयुष्यभर तो या हातांनी दिला. आपला शिंपी आठव. भरल्या ताटावरून कळवळत उठायचा. आज वाटेल ते पचवतो.

मुलगी — शिंपीकाकांनी त्याच सुमारास तंबाखू सोडली. हो ना गं आई?

आई — सोडली. बायको माहेरी निघाली तेव्हा.

वडील — म्हणजे माझे यश त्या बाईच्या रागाचे, असे म्हणायचे आहे तुला?

मुलगी — मला ठाऊक नाही, एवढंच म्हणायचंय. पुढच्या महिन्यात रुग्णालयात जठरव्रणाच्या माणसांना हे द्यायला सुरुवात व्हायची आहे. आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणाले, इतका सुंदर निकाल, आता कशाला खोडा घालतेस. मी म्हटलं, पोटात रक्तस्राव होणाऱ्या माणसाला औषध म्हणून नुसतं दूध पाजण्याची वेळ मी येऊ देणार नाही. आधी तिसरा गट, नुसत्या दुधाचा.

वडील — आणि दुधानेही तितकेच रक्षण केले तर?

मुलगी — तर तसंच छापेन. वर तुमचं नाव असलं तरी.



वडील — हे नुसते दूध तू कसे करणार आहेस?

मुलगी — प्रयोगशाळेत एक उकळी काढून.

वडील — ते चालणार नाही. आपले दूध पाणी आटेपर्यंत आचेवर असते. तुलनाच करायची तर मुळाखेरीज सारे समान हवे. दोन्ही पातेली मी चढवीन.

मुलगी — स्वतःच्या पाठाविरुद्ध?

वडील — विरुद्ध कसले? गुरूंनी तो मला दिला, तो खरा आहे म्हणून. माझा व्हावा म्हणून नव्हे.

मुलगी — मग माझी एक अट. बाटल्या गडद काचेच्या, आणि कोणत्या बाटलीत काय ते तुम्हालाही कळायचं नाही, मलाही नाही. माहीत असलं की डोळे हवं तेच बघतात. खुणा आई घालेल.

वडील — हिच्या पोटात काही राहत नाही.

आई — लग्नानंतर तुम्ही दिलेला पहिला काढा मी कुंडीत ओतला होता. आजवर बोलले का?

मुलगी — मग कुंडीचं काय झालं?

आई — बहरली हो.

मुलगी — बाबा, निकाल उलटला, तर तुमच्याकडे येणाऱ्यांना काय सांगाल?

वडील — जो लागेल तोच. दवाखान्याच्या दारावर स्वतः लिहून लावीन. अक्षर अजून वळणदार आहे माझे. आण ती पातेली.

(दोन सारखी पातेली शेगडीवर चढतात. ठेचलेले मूळ एकातच पडते.)

आई — आटलं पाणी. बाटल्या मी भरते, आता दोघंही बाहेर व्हा.

वडील — होतो. दार आतून लावून घे. आणि निकाल हाती येईपर्यंत मी कितीही विचारले, तरी सांगू नकोस.